नगरसेवकाकडे काम घेऊन जाताना

नगरसेवकाला महापालिकेतल्या एकाही माणसाला हुकूम सोडता येत नाही. ना अभियंत्याला, ना आरोग्य निरीक्षकाला, ना मुकादमाला. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ या कायद्याने कारभार चालवण्याची सत्ता आयुक्तांकडे दिली आहे आणि आयुक्तांना राज्य सरकार नेमतं. सगळ्या नगरसेवकांनी मिळून अंदाजपत्रक मंजूर करायचं, धोरणाचे ठराव करायचे आणि प्रशासनाला जाब विचारायचा, अशी त्या कायद्यातली वाटणी आहे. एकट्या नगरसेवकाच्या हाती त्याहून कमी उरतं : पत्र, प्रश्न आणि पाठपुरावा.

आपल्याकडे हे फारसं कुणी समजावून सांगत नाही. म्हणून लोक नगरसेवकाच्या दारात उभे राहून म्हणतात, "भाऊ, तेवढं साहेबांना सांगून टाका ना." भाऊ फोन लावतातही. समोरचा साहेब "बघतो" म्हणतो. पुढच्या आठवड्यात ना भाऊंना ते आठवतं, ना साहेबांना. इथे बऱ्याचदा दोघांचीही नियत वाईट नसते. बोललेल्या शब्दाला महापालिकेत पाय नसतात, एवढंच. तो कागदावर उतरला, त्याला आवक क्रमांक पडला, त्याला अंदाजपत्रकातला एखादा पैसा चिकटला, की तो चालायला लागतो. नगरसेवक आणि रहिवासी यांच्यातल्या नात्याचं मला दिसलेलं मर्म हेच आहे : रहिवाशाचं म्हणणं तोंडातून कागदावर आणि कागदावरून अंदाजपत्रकात नेणारा माणूस म्हणजे नगरसेवक. हा प्रवास कसा होतो ते पुण्याच्या उदाहरणाने सविस्तर पाहू, कारण पुण्याची महापालिका मला जवळून माहीत आहे. मुंबई सोडून राज्यातल्या बाकीच्या महापालिका याच कायद्यावर चालतात, त्यामुळे नाशिक, कोल्हापूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या वाचकांनाही बरंचसं ओळखीचं वाटेल. मुंबईचा कायदा वेगळा, १८८८ सालचा.

आधी, आपला नगरसेवक नेमका कोण? मुंबईत याचं उत्तर सोपं आहे. तिथे २२७ प्रभाग आहेत आणि प्रत्येकाचा एक नगरसेवक. पुण्यात मात्र १५ जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत ४१ प्रभागांतून १६५ नगरसेवक निवडायचे होते. ४० प्रभाग चार सदस्यांचे आणि एक पाच सदस्यांचा. म्हणजे तो एक प्रभाग सोडला तर प्रत्येक मतदाराला चार मतं, आणि प्रत्येक घराला चार नगरसेवक. २०११ च्या जनगणनेनुसार अशा एका प्रभागात साधारण ८० हजारांच्या आसपास वस्ती येते, आणि त्यानंतर शहर किती वाढलं ते आपण पाहतोच आहोत.

चार नगरसेवक म्हणजे चौपट सोय, असं कुणाला वाटेल. प्रत्यक्षात चौघे आपापसात भाग वाटून घेतात : वरची आळी याच्याकडे, नदीकडची वस्ती तिच्याकडे, मोठ्या सोसायट्या तिसऱ्याकडे. ही वाटणी कुठल्याही कागदावर नसते. कायद्याने चौघेही अख्ख्या प्रभागाचे असतात. चौघे एकाच पक्षाचे असले तर वाटणी निभावते. वेगवेगळ्या पक्षांचे असले की सीमेवरच्या गल्ल्यांचे हाल होतात. "ते माझ्याकडे येत नाही, ताईंकडे जा" हे वाक्य ऐकून परत फिरलेल्या माणसांची संख्या मोजायला गेलो तर शहर भरेल. यावरचा उपाय साधा आहे. पत्र एकाच्या नावाने लिहायचं आणि खाली "प्रत माहितीसाठी" म्हणून उरलेल्या तिघांची नावं घालायची. चौघांच्याही कार्यालयात ते पोचलं की कुणालाच माहीत नव्हतं असं म्हणता येत नाही. काम झालं तर श्रेय चौघे घेतील, घेऊ देत.

नावाबद्दल आणखी एक. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, आणि काही कार्यालयांत खुर्चीवर बाईंऐवजी त्यांचे पती, दीर किंवा मुलगा बसलेला दिसतो. लोकही त्यालाच "भाऊ" म्हणून काम सांगतात. मला हे पटत नाही. सभेत बोलायचा, प्रश्न विचारायचा, सही करायचा अधिकार निवडून आलेल्या बाईंचा आहे. पत्र त्यांच्याच नावाने द्यावं, आणि "ताईंनाच भेटायचंय, त्या कधी असतात?" असं शांतपणे विचारावं. असं विचारणारे वाढले तशा काही कार्यालयांतल्या खुर्च्या बदललेल्या दिसल्या आहेत. पहिल्या वर्षी बावरलेल्या बाई तिसऱ्या वर्षी मुख्य सभेत पाणीपुरवठ्याच्या अधिकाऱ्याला आकडे विचारताना पाहिल्या, की त्या विचारण्याचं मोल कळतं.

आता जनसंपर्क कार्यालय. बहुतेक नगरसेवक सकाळी काही तास आणि संध्याकाळी काही तास तिथे बसतात. सकाळची गर्दी बघण्यासारखी असते. राहण्याच्या दाखल्यावर सही हवी असलेले, आधार कार्डावरचा पत्ता बदलायला ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र भरून घ्यायला आलेले, महापालिकेच्या शहरी गरीब योजनेचं कार्ड काढायचंय पण कागद अपुरे आहेत असे, मुलाच्या शाळाप्रवेशासाठी शब्द टाका म्हणणारे. यातली कितीतरी कामं महापालिकेची नसतातच. शिधापत्रिका परिमंडळ कार्यालयाकडे, वीज महावितरणकडे, सातबारा तलाठ्याकडे, चौकातली वाहतूक पोलिसांकडे. तरी लोक नगरसेवकाकडे येतात, कारण सरकारच्या सगळ्या दारांपैकी हे एकच दार त्यांच्या चालण्याच्या अंतरावर असतं आणि तिथे मराठीत, बसून, चहा घेत बोलता येतं.

या दारात कोण येतं आणि कोण येत नाही, याकडे बघायला हवं. वस्तीतली माणसं येतात. त्यांचं पाणी सार्वजनिक नळाचं, संडास सार्वजनिक, गल्लीतली फरशी महापालिकेची. नगरसेवकाशिवाय त्यांचा दिवस जात नाही. सोसायटीतली माणसं सहसा येत नाहीत. त्यांचं पाणी टाकीत येतं, कचरा 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई दारातून नेतात, आणि तक्रार असली तर ती मोबाइलवरून महापालिकेच्या ॲपमध्ये टाकली जाते. मग सोसायटीवाले म्हणतात, नगरसेवक फक्त वस्तीचीच कामं करतात. जो सकाळी आठ वाजता येऊन बाकावर बसतो त्याचं काम आधी आठवणं स्वाभाविक आहे. याची दुसरी बाजूही आहे. ॲपवरची तक्रार थेट खात्याकडे जाते, तिला क्रमांक मिळतो. वस्तीतल्या बाईंची तोंडी तक्रार मात्र कार्यकर्त्याच्या वहीत राहते, आणि कधी वहीतही नाही. चांगला नगरसेवक दोन्हीकडची उणीव भरून काढतो : सोसायट्यांमध्ये स्वतः जातो, आणि वस्तीतलं गाऱ्हाणं लिहून घ्यायला एक लिहिता माणूस कार्यालयात बसवतो. ज्या कार्यालयात अशी नोंदवही आहे, तिथे तारीख, नाव, काम, कुणाला पत्र दिलं आणि काय झालं असे रकाने दिसतील. नव्या नगरसेवकाला पहिल्या महिन्यात एकच गोष्ट सुचवायची झाली तर मी ही वही सुचवीन.

व्हॉट्सॲपचे प्रभागवार गटही आता सगळीकडे आहेत. पाणी कधी येणार, गुरुवारी दुरुस्तीसाठी बंद आहे का, झाड कुठे पडलं, हे कळवायला ते उत्तम. पाठपुराव्याला मात्र निरुपयोगी, कारण सकाळी टाकलेली तक्रार दुपारपर्यंत वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडली जाते.

समजा, तुमच्या गल्लीतलं ड्रेनेजचं चेंबर वारंवार तुंबतंय. या एका चेंबरच्या मागे गेलो की सगळी यंत्रणा उलगडते.

पहिला थर रोजच्या दुरुस्तीचा. चेंबर तुंबलं की ते उपसायचं, जेटिंग मशीन लावायचं. हे क्षेत्रीय कार्यालयाचं काम, आणि त्यासाठी खरं तर नगरसेवक लागू नये. पुण्यात अशी १५ क्षेत्रीय कार्यालयं आहेत. तुमच्या भागाचा कनिष्ठ अभियंता कोण, आरोग्य निरीक्षक कोण, पाण्याचा व्हॉल्व्हमन कोण, ही माहिती प्रत्येक गल्लीतल्या निदान दोन माणसांकडे असावी. तक्रार नोंदवा, क्रमांक घ्या. दोन-चार दिवसांत हालचाल झाली नाही तर तो क्रमांक घेऊन नगरसेवकाकडे जा. रिकाम्या हाताने गेलेल्या माणसासाठी नगरसेवकाला नव्याने सगळं विचारावं लागतं. क्रमांक घेऊन गेलेल्या माणसासाठी तो अभियंत्याला एकच प्रश्न विचारतो : अमुक तारखेची तक्रार अजून का पडून आहे?

दुसरा थर : उपसलं तरी महिन्याभरात पुन्हा तुंबतंय. याचा अर्थ दोष वाहिनीत आहे. कदाचित जुनी, अरुंद वाहिनी; गल्लीत वाड्यांच्या जागी इमारती झाल्या, माणसं वाढली आणि नळी तीच राहिली. आता वाहिनी बदलायला हवी, म्हणजे पैसा हवा, आणि इथून नगरसेवकाचं खरं काम सुरू होतं. पहिला प्रश्न, ही वाहिनी कुणाची? गल्लीतली छोटी वाहिनी क्षेत्रीय कार्यालयाकडे, मोठी मुख्य वाहिनी मलनिस्सारण विभागाकडे. रस्त्यांचंही असंच आहे : साधारण १२ मीटर रुंदीपर्यंतचे रस्ते क्षेत्रीय कार्यालय बघतं, त्याहून मोठे पथ विभाग. पत्र चुकीच्या टेबलावर गेलं तर ते परत येत नाही, तिथेच झोपतं. रस्ता किंवा वाहिनी सोसायटीच्या खासगी जागेत असेल तर आणखी अडचण. महापालिकेचा पैसा खासगी जागेत सहसा खर्ची टाकता येत नाही, आणि रस्ता महापालिकेच्या ताब्यात आलेला आहे की नाही हे आधी कागदोपत्री बघावं लागतं. "बिल्डरने सांगितलं होतं रस्ता कॉर्पोरेशनचा आहे" हा पुरावा धरला जात नाही.

टेबल सापडलं की अभियंत्याला जागेवर आणायचं. याला स्थळपाहणी म्हणतात, आणि नगरसेवकाच्या हातातलं हे फार प्रभावी साधन आहे. नगरसेवक, कनिष्ठ अभियंता आणि गल्लीतले चारपाच लोक एकाच वेळी त्या चेंबरपाशी उभे राहिले, की ऑफिसात महिनोन्महिने न सुटलेला मुद्दा तिथल्या तिथे निकाली निघू शकतो. पाणी कुठून येतं, कुठे अडतं, कुठल्या इमारतीने पावसाचं पाणी ड्रेनेजमध्ये सोडलंय, हे सगळं राहणाऱ्यांना माहीत असतं, नकाशात नसतं. अशा वेळी गल्लीतली जुनी माणसं बोलावून घ्यावीत. एखाद्या आजी सांगतात, "इथे पूर्वी ओढा होता, त्याला पुरून रस्ता केलाय," आणि अभियंत्याच्या डोक्यात प्रकाश पडतो. पाहणीनंतर त्याच दिवशी दोन ओळींचं पत्र द्यावं : आज अमुक अमुक यांच्या उपस्थितीत पाहणी झाली, वाहिनी बदलण्याची गरज दिसून आली, पूर्वगणनपत्रक तयार करावं.

पूर्वगणनपत्रक म्हणजे दरसूचीप्रमाणे मांडलेला खर्चाचा अंदाज. ते झालं की कामाला पहिल्यांदा आकडा मिळतो, आणि आकडा मिळाल्याशिवाय कुठलंही काम अंदाजपत्रकात शिरत नाही. मग तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश, प्रत्यक्ष काम, मोजमाप पुस्तकातली नोंद आणि शेवटी ठेकेदाराचं बिल. या प्रत्येक पायरीवर फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते. पाठपुरावा म्हणजे दुसरं तिसरं काही नसतं. आज ती फाइल कुणाच्या टेबलावर आहे हे माहीत असणं.

पैसा कुठून येतो, हे समजलं की आपण कुणाकडे केव्हा जायचं तेही समजतं. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. आयुक्त आपलं अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे ठेवतात. १६ सदस्यांची ही समिती त्यात भर घालते, बदल करते. मग ते मुख्य सभेपुढे येऊन मंजूर होतं. नगरसेवकांनी सुचवलेली प्रभागातली कामं ज्यात येतात तिला पुण्यात 'स यादी' म्हणतात. खाती आपापले प्रस्ताव दिवाळीच्या आसपास जुळवायला लागतात. म्हणून ज्या गल्लीला पुढच्या वर्षी वाहिनी हवी, तिने पूर्वगणनपत्रकासह नगरसेवकाकडे डिसेंबरच्या आत पोचलं पाहिजे. लोक जातात जूनमध्ये, पाणी घरात शिरल्यावर. जूनमध्ये नव्या कामाला पैसा काढायचा तर दुसऱ्या कुठल्या तरी कामाचा वळवावा लागतो, ज्याला वर्गीकरण म्हणतात, आणि त्याला स्थायी समिती आणि मुख्य सभेची मान्यता घेत बसावं लागतं. शिवाय पावसाळ्यात रस्ते खोदायला परवानगी नसते. जूनच्या संतापाला डिसेंबरपर्यंत जिवंत ठेवता आलं, तर त्यातून काम होतं.

स यादीबद्दल मनापासून बोलायचं आहे. या यादीतून गल्लीबोळातली चांगली कामं झाली आहेत. त्याच यादीतून बाकडी, नामफलक, कमानी आणि वाटायच्या ज्यूटच्या पिशव्याही आल्या आहेत. असं का होतं? बाकडं लगेच दिसतं, त्यावर नाव लिहिता येतं, आणि ते मागणारं कुणीतरी दारात येऊन बसलेलं असतं. जमिनीखालची वाहिनी दिसत नाही, तिच्यावर नाव लिहिता येत नाही, आणि ती मागणारा पूर्वगणनपत्रक घेऊन वेळेत आलेला नसतो. म्हणजे यादी कशाने भरते हे बऱ्याच अंशी मागणाऱ्यांवर ठरतं. मार्चअखेर उरलेला पैसा संपवायच्या घाईत तयार असलेलं कामच निवडलं जातं, आणि बाकडं नेहमीच तयार असतं. तुमच्या गल्लीचं काम आकड्यासकट तयार ठेवलंत, तर ते त्या घाईतही निवडलं जाऊ शकतं.

पुण्यात नागरिकांना थेट अंदाजपत्रकात शिरायची आणखी एक वाट आहे. २००६ पासून 'नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक' हा उपक्रम चालतो. क्षेत्रीय कार्यालयातून एक अर्ज मिळतो. पदपथ, बसथांबा, सार्वजनिक स्वच्छतागृहाची दुरुस्ती अशी आपल्या भागातली छोटी कामं त्यावर सुचवायची. वर्षानुवर्षे एका कामाला ५ लाख रुपयांची मर्यादा राहिली आहे. अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास मागवले जातात आणि बातमी वर्तमानपत्रात आतल्या पानावर येते, त्यामुळे पुष्कळांची ती चुकते. अर्ज एकट्याने टाकण्याऐवजी गल्लीतल्या लोकांच्या सह्यांसह टाकावा आणि त्याची प्रत नगरसेवकांना द्यावी. पुढे कामांची छाननी होते तेव्हा त्या कामाच्या बाजूने बोलणारं कुणीतरी तिथे हवं.

ही छाननी ज्या व्यासपीठावर होते ते म्हणजे प्रभाग समिती. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ रोजी अमलात आली, आणि तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांना प्रभाग समित्या बंधनकारक झाल्या. एका क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीतले सगळे नगरसेवक आणि तिथले अधिकारी समितीत असतात. पाणी, ड्रेनेज, स्वच्छता यांच्या तक्रारी झटपट सोडवणं आणि ५ लाखांपर्यंतच्या स्थानिक कामांना मान्यता देणं हे तिचं काम. स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी त्यात नेमता येतात. त्यांना मत नसतं, आवाज असतो. या जागा कित्येकदा पक्षाच्या कार्यकर्त्यांनी भरल्या जातात, आणि ते फार वाईट होतं. भागात खरोखर काम करणाऱ्या संस्थेने नेमणुकीच्या वेळी जागं राहून अर्ज केला, तर तो नाकारण्याचं कारण शोधावं लागतं. मोठ्या सभेत न येणारे छोटे प्रश्न प्रभाग समितीत येतात, संबंधित अभियंता समोर बसलेला असतो आणि त्याला उत्तर द्यावंच लागतं. तुमचं चेंबर तिथे दोन बैठकांत सलग निघालं, की तिसऱ्या बैठकीच्या आधी मशीन गल्लीत आलेलं असतं.

कायद्यात याच्याही खाली एक पायरी आहे : क्षेत्र सभा. २००९ साली राज्याने कायद्यात दुरुस्ती करून ती आणली. मोजक्या मतदान केंद्रांच्या हद्दीतले सगळे मतदार तिचे सदस्य आणि नगरसेवक तिचा अध्यक्ष. गावाला ग्रामसभा आहे, तसं शहरातल्या माणसालाही बसून बोलायला हक्काची जागा असावी, हा विचार त्यामागे होता. बहुतेक शहरांत ही सभा कागदावरच राहिली. माझ्या मते आपल्या शहरांचं यात मोठं नुकसान झालं आहे. एखाद्या नगरसेवकाने स्वतःहून शाळेच्या मैदानात अशी सभा घेतली तर त्याला कुणी अडवत नाही. अधिकाऱ्यांना बोलवायचं, मागच्या सभेत काय ठरलं ते वाचायचं, झालं नसेल तर का नाही ते त्यांच्या तोंडून लोकांना ऐकवायचं. असे नगरसेवक आहेत, थोडे आहेत.

मुख्य सभेत रहिवाशाला बोलता येत नाही. प्रेक्षक गॅलरीत बसून ऐकता येतं. पण तुमचा प्रश्न तिथे पोचवता येतो. नगरसेवकाला लेखी प्रश्न विचारायचा अधिकार आहे, आणि प्रशासनाला लेखी उत्तर द्यावं लागतं. चांगला प्रश्न छोटा आणि मोजता येणारा असतो : आमच्या प्रभागात गेल्या तीन वर्षांत किती मीटर ड्रेनेज वाहिनी बदलली, कुठे, किती खर्चाने? असा प्रश्न तयार करून नगरसेवकाच्या हाती द्या. त्यालाही ते हवं असतं. शेकडो विषयांच्या गठ्ठ्यात त्याला स्वतः शोधाशोध करायला वेळ नसतो, आणि अभ्यास करून बोलणारा म्हणून सभागृहात नाव झालं तर त्याचाही फायदा होतो.

सभागृहातल्या एकट्या आवाजाला काही किंमत असते का, असं निराश होऊन विचारणाऱ्यांना पुण्याच्याच इतिहासातली एक गोष्ट सांगावी. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० साली व्हाइसरॉयच्या भेटीनिमित्त हजार रुपये खर्च करायचा प्रस्ताव आला. हा करदात्यांचा पैसा आहे, तो गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असं म्हणून जोतीरावांनी विरोध केला. विरोधात ते एकटेच होते. प्रस्ताव मंजूर झाला, पण ते मत नोंदलं गेलं, आणि आज आपण ते सांगतो आहोत. पुणे महापालिका १५ फेब्रुवारी १९५० ला स्थापन झाली. स्वागत, सत्कार आणि जाहिरातीवरचा खर्च हा विषय तिच्या सभांमध्येही पुन्हा पुन्हा निघत आला आहे.

नगरसेवकाने 'नाही' म्हणायच्या काही गोष्टी आहेत, आणि त्या लोकांनी समजून घेतल्या पाहिजेत. गॅलरी आत घेतली, दुकानापुढे शेड टाकलं, गच्चीवर खोली चढवली, आणि आता नोटीस आली, "तेवढी कारवाई थांबवा." कायद्याचं कलम १०(१ड) सांगतं की जो नगरसेवक बेकायदा बांधकाम करतो, त्याला मदत करतो किंवा कारवाईत अधिकाऱ्याला अडथळा आणतो, त्याचं पद जाऊ शकतं. तरी असे शब्द टाकले जातात, सगळ्यांना ठाऊक आहे. जो टाकत नाही त्याच्यावर शेजारी रागावतात, आणि पुढच्या निवडणुकीत त्या रागाची किंमत त्याला मोजावी लागते. पदपथ मोकळा हवा अशी मागणी करणाऱ्यांनी त्या दिवशी त्याच्या पाठीशी उभं राहायला हवं.

मार्च २०२२ मध्ये पुण्याच्या आधीच्या सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ ची निवडणूक होईपर्यंत महापालिका प्रशासकाच्या हाती होती. स्थायी समिती आणि मुख्य सभेचे अधिकार एकाच अधिकाऱ्याकडे. प्रभाग समित्या बंद. या जवळजवळ चार वर्षांत नगरसेवक म्हणजे काय हे पुष्कळांना त्याच्या नसण्यातून कळलं. राहण्याच्या दाखल्यावर सही कुणाची घ्यायची? आधारच्या नमुन्यासाठी आमदारांच्या कार्यालयात रांगा. माजी नगरसेवक फोन करत, पण अभियंत्याला उत्तर द्यायची सक्ती नव्हती. अंदाजपत्रकं होत राहिली, पण प्रभागात कुठलं काम का घेतलं आणि का वगळलं, हे विचारायला सभागृहच नव्हतं. त्या काळात ज्या भागांत रहिवाशांचे गट पत्रं, पोच आणि तक्रार क्रमांक सांभाळून होते, त्यांनी क्षेत्रीय कार्यालयाशी थेट बोलून बरंच निभावलं. जिथे सगळं एका "भाऊं"च्या फोनवर चालत होतं, तिथे फोन बंद झाल्यावर काहीच उरलं नाही.

आता नवे नगरसेवक आले आहेत, त्यातले कितीतरी पहिल्यांदाच. पहिलं वर्ष सत्कारात जातं, असं जुने लोक म्हणतात. हार-शाल घेऊन जायलाही हरकत नाही. सोबत गल्लीतल्या तीन कामांची यादी न्यावी, तीनच, महत्त्वाच्या क्रमाने. वीस कामांच्या यादीतलं एकही लक्षात राहत नाही. प्रत्येक कामापुढे ठिकाण, जुना तक्रार क्रमांक असेल तर तो, कुठल्या खात्याचं आहे ते, आणि एक छायाचित्र. खाली दोन माणसांची नावं, ज्यांना नगरसेवकाच्या कार्यालयातून कधीही फोन करता येईल. महिन्याने त्याच दोघांनी जाऊन विचारावं. दर वेळी वेगळा माणूस गेला की गोष्ट पहिल्यापासून सुरू होते.

आणि वाहिनी एकदाची बदलली गेली, रस्ता पुन्हा केला गेला, तरी कागद फाडून टाकू नयेत. कार्यादेशाची प्रत मागून घ्यावी. सहज मिळाली नाही तर माहिती अधिकारात मिळते. त्यात ठेकेदाराचं नाव, रक्कम आणि काम पूर्ण करायची मुदत असते, आणि करारात दोष दायित्व कालावधी लिहिलेला असतो. त्या काळात खड्डा पडला, चेंबरचं झाकण खचलं, तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते. हे कुणी सांगितलं नाही की महापालिका त्याच खड्ड्यासाठी नवा पैसा काढते. काम संपल्याची तारीख आणि हा कालावधी गल्लीतल्या फलकावर लिहून ठेवावा, आणि पहिली भेग दिसली की कनिष्ठ अभियंत्याला पत्र द्यावं, चारही नगरसेवकांना प्रत.